दरी दिसली नाही, त्याचं कारण दरीच

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी पहाटे आम्ही पुण्याहून निघालो. वाईला नाश्ता, पसरणी घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं आणि वाटेत प्रतापगड, असा बेत होता. आईने आंबेनळी घाटातली दरी चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत पाहिली होती. ती परत पाहायची, एवढ्याचसाठी ती आली होती.

वाईत रस्ता कोरडा होता. पसरणी घाटातून धोम धरणाचं पाणी स्वच्छ दिसत होतं. पाचगणीला भुरभुर लागली. वेण्णा तलावापाशी पोहोचलो तेव्हा तलाव काही दिसेना, नुसता ओल्या काठाचा वास येत होता. आंबेनळीच्या तोंडाशी तर गाडीपुढची पांढरी पट्टी तेवढी उरली. कठड्यापलीकडे, जिथे शेकडो मीटर खोल दरी असायला हवी, तिथे कुणी चादर टांगावी तसं पांढरं होतं.

कणसं भाजणाऱ्या टपरीवर थांबलो. आईने विचारलं, "हे धुकं किती वेळात जाईल हो?"

टपरीवाले म्हणाले, "आजी, धुकं नव्हं हे. ढग हाय. दरी बघायची तर दिवाळीच्या आधी या."

गाडीत बसल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तासाभरापूर्वी तर कोरडं होतं गं. आपलं नशीबच खोटं." नशिबाचा यात काही भाग नव्हता, हे तिला समजावता समजावता मलाच बऱ्याच गोष्टी नीट कळल्या. जिथून देखावा सगळ्यांत सुंदर, नेमकं तिथेच काही का दिसू नये? आणि तीस-बत्तीस किलोमीटरवर वाई कोरडी कशी?

चिप्सचं पाकीट का फुगतं

पुण्यात घेतलेली चिप्सची पाकिटं महाबळेश्वरला डिकी उघडली तेव्हा टम्म फुगली होती. सगळं कोडं या पाकिटात आहे.

हवेला वजन असतं. कोकण किनाऱ्यावर उभं राहिलं की वातावरणाचा अख्खा ढीग आपल्या डोक्यावर असतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे त्या ढिगाचा सगळ्यांत दाट, खालचा थर पायाखाली राहतो. त्यामुळे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरतो. बाहेरून दाबणारं कमी झालं की पाकिटातली हवा ऐसपैस होते आणि पाकीट फुगतं.

पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याचं हेच होतं. अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर येताना तो वाफेने, म्हणजे बाष्पाने, भरलेला असतो. कोकणची चिंचोळी पट्टी ओलांडली की समोर सह्याद्री उभा. सह्याद्रीची पूर्वेकडची बाजू हळूहळू उतरत जाते, पश्चिमेकडे मात्र तो तुटल्यासारखा कोसळतो. काही किलोमीटरच्या आत हजार मीटरची चढण. वाऱ्याला वर जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

वर गेलेली हवा पाकिटासारखी फुगते. फुगायचं म्हणजे आजूबाजूच्या हवेला रेटायचं, आणि त्या कामाला लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून काढते. म्हणून ती गार होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हवर बोट धरलं तर गार फुंकर लागते, तेच हे. दर १०० मीटरला साधारण १ अंश, या हिशेबाने हवा गार होत वर चढते.

फ्रिजमधलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की पेल्याला बाहेरून घाम सुटतो. पेल्याला टेकलेली हवा इतकी गार होते की तिला आपली वाफ धरून ठेवता येत नाही. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. जुलैतल्या कोकणातल्या हवेचं तापमान समजा २८ अंश आहे आणि दवबिंदू २५. मध्ये फक्त ३ अंशांचं अंतर. हवा चढते तसा दवबिंदूही थोडा उतरतो, म्हणून असं एक अंशाचं अंतर मिटायला तिला साधारण १२५ मीटर चढावं लागतं, म्हणजे पावणेचारशे मीटरवर ढगाचा तळ तयार होतो. मुसळधार पावसात तो आणखी खाली येतो. आंबेनळीचा रस्ता तर हजार मीटरच्या वर चढतो. खालच्या काही वळणांनंतरचा सगळा रस्ता ढगाच्या पोटातून जातो. पोलादपूरहून पाहणाऱ्याला डोंगराने डोक्यावर घोंगडं घेतल्यासारखं दिसतं. आम्ही त्या घोंगड्याच्या आत उभे होतो. टपरीवाल्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

हा उतार सरळ कड्याऐवजी लांबलचक असता, तर हवा सावकाश चढली असती आणि ढग शंभर किलोमीटरवर विखुरला असता. मग पाहायला दरीही नसती. दरी खोल आहे म्हणून आपण तिथे जातो, आणि ती तशी एकदम खोल आहे म्हणूनच जुलैत दिसत नाही.

हा ढग बसलेला नसतो

आईला वाटत होतं की ऊन वर आलं की धुकं विरेल. तिचा अनुभव खोटा नव्हता. हिवाळ्यात नदीकाठच्या शेतांवर जे धुकं धरतं ते नऊ-दहा वाजता विरतंच. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड होते आणि धुकं धरतं. सकाळी जमीन तापली की ते उडून जातं. ते धुकं एका जागी बसलेलं असतं.

घाटातला ढग मात्र चहाच्या किटलीच्या तोंडाशी दिसणाऱ्या वाफेसारखा असतो. ती वाफ स्थिर दिसते, पण तिच्यातला प्रत्येक कण नवा असतो. मागून नवा येतो, पुढे जुना विरतो. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने वाहत असेल तर १० किलोमीटर रुंदीचा माथा तो सतरा मिनिटांत ओलांडतो. कणीस खाऊन चहा संपवेपर्यंत आमच्याभोवतीचा सगळा ढग बदलला होता, आणि आम्हाला तो तसाच दिसत होता. सूर्य त्याला वाळवणार तरी कसा? समुद्राकडून नवा माल अखंड येत असतो.

म्हणून तासन् तास थांबून फारसा उपयोग नसतो. वारा मंदावला तरच दृश्य उघडतं. मोसमी पावसात मधूनमधून काही दिवसांची उघडीप येते. तेव्हा समुद्रावरून येणारा वारा कमजोर पडतो, ढगाचा तळ वर सरकतो आणि हिरव्या दऱ्या दिसतात. पावसाळी घाटाचे जे सुंदर फोटो आपण पाहतो त्यांतले पुष्कळसे अशा दिवसांतले असतात.

वाऱ्याचा जोर डोळ्यांनी पाहायचा असेल तर नाणेघाटात किंवा आंबोलीजवळच्या कावळेसादला जावं. तिथे धबधबा कड्यावरून खाली पडण्याऐवजी उलटा वर उडतो. एक मिलिमीटरचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो, दोन मिलिमीटरचा साडेसहा मीटरने. घळीत कोंडलेला वारा ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ११ मीटरने वर येत असेल, तर या थेंबांना खाली उतरता येत नाही. पाण्याचा पडदा मागे वळतो आणि पाहणाऱ्यांना भिजवतो. हाच वारा कड्यावर ढग तयार करतो.

अर्धा कटिंग चहाएवढं पाणी

अशा दाट ढगातल्या एक घनमीटर हवेत पाणी किती असतं? फार तर अर्धा ग्रॅम. एसटी बसच्या आकाराची जागा ढगाने भरली तर त्यातलं सगळं पाणी चाळीस ग्रॅमच्या आत भरेल. कटिंग चहाचा पेला अर्धाच भरेल. एवढंसं पाणी, आणि चार-पाच एसट्या एकामागे एक उभ्या केल्या तर शेवटची दिसत नाही.

खडीसाखरेचा एक खडा काचेच्या ताटलीत ठेवला तर ताटली स्वच्छ दिसते. तोच खडा कुटून त्याची पिठी ताटलीभर भुरभुरली तर काच पांढरी होते. साखर तेवढीच, पण प्रकाशाला अडवणारे कण कितीतरी पटींनी वाढलेले. ढगातला थेंब सुमारे एक-दोन शतांश मिलिमीटरचा, आपल्या केसाच्या जाडीहूनही लहान असतो. असे दहा लाख थेंब एकत्र आले की दोन मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब होतो. म्हणूनच धो धो पावसातून पलीकडचं झाड दिसतं, आणि अंगाला धड न भिजवणाऱ्या ढगातून दिसत नाही. प्रकाश या लक्षावधी कणांवर आपटून सगळीकडे पसरतो, आणि सगळीकडून सारखा आलेला प्रकाश डोळ्याला पांढरा दिसतो.

गाडीचा मोठा दिवा लावल्यावरही नेमकं हेच होतं. वर आणि लांब जाणारा झोत समोरच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. जितका प्रखर दिवा, तितकी पांढरी भिंत जवळ. खाली झुकलेला झोत रस्त्यावर पडतो आणि निदान पट्टी दाखवतो.

आमच्या गाडीत भर म्हणून आतूनही काचेवर वाफ धरली. चार माणसांचे श्वास, ओल्या छत्र्या, मागच्या सीटवर भिजलेली जर्किनं. गाडीतली हवा दमट आणि काच बाहेरच्या पावसाने गार, म्हणजे पुन्हा तोच घाम सुटलेला पेला. माझा भाऊ फडक्याने पुसत राहिला आणि मिनिटभरात काच पुन्हा आंधळी होत राहिली. हवेतली ओल काढून टाकणं हा खरा उपाय. एसी ते काम करतो. गाडीखाली ठिबकणारं पाणी हवेतूनच काढलेलं असतं.

┌──────────────┐
चौकट : गाडी ढगात शिरली तर

• हेडलाइट खालच्या झोतावर ठेवा. फॉगलॅम्प असतील तर लावा.
• डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चला. पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे आंधळेपणाने जाऊ नका.
• चारही इंडिकेटर चालत्या गाडीला लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही.
• काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून झोत काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत घ्या. वाफ बाहेरून धरली असेल तर काच फार गार झाली आहे. एसी कमी करा, वायपर फिरवा.
• थांबायचं असेल तर रस्ता सोडून, वळणापासून दूर आणि सुट्या दगडांच्या उतारापासून लांब थांबा.
└──────────────┘

गडगडाट नसलेला पाऊस

टपरीवर असताना आईच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला फार आवडली. ती म्हणाली, "एवढा पाऊस, पण एकदाही गडगडलं नाही." खरंच आहे. मेच्या शेवटी वळीव येतो तो कडकडाट करत. सह्याद्रीवरचा जुलैचा पाऊस दिवसचे दिवस कोसळतो आणि बहुतेक वेळा मुका असतो.

वीज तयार व्हायला ढगात बर्फाचे कण लागतात. ते एकमेकांवर आदळतात, घासतात आणि विद्युतभार वेगळे होतात. वळवाचा ढग उन्हाने तापलेल्या हवेच्या जोरावर दहा-बारा किलोमीटर उंच जातो. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी गोठण्याची पातळी सुमारे साडेपाच किलोमीटरवर असते. तो तिच्या कितीतरी वर पोहोचतो. सह्याद्रीवर वाऱ्याने ढकलून चढवलेले ढग बहुधा बुटके असतात, त्या पातळीच्या खालीच राहतात. त्यांच्यात बर्फ नसतो. मोठा थेंब लहान थेंबांना गिळत खाली येतो आणि पाऊस पडतो.

हे ढग अभ्यासायला महाबळेश्वरसारखी दुसरी जागा मिळणं कठीण. एरवी ढगाच्या आत उपकरणं न्यायला विमान लागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे पावसाळाभर ढग स्वतःच दारात येतो.

डोंगर कधी सुटतो

आंबेनळीत आम्ही चार-पाच वळणं उतरलो आणि थांबलो. पुढे दरड आली होती. मोठी नव्हती, तांबडी माती, घमेल्याएवढे दगड आणि मुळासकट उपटलेलं एक करवंदाचं जाळं. जेसीबी खालून येत होता. एका ट्रकचालकाने सांगितलं, "वरून अजून बारीक खडे येतायत, मागं फिरा." आम्ही फिरलो, आणि ते बरंच केलं.

समुद्रकाठी वाळूचा किल्ला करताना कोरडी वाळू टिकत नाही. थोडं पाणी घातलं की ती चिकटून बसते. कणांमधलं पाण्याचं पातळ पटल त्यांना एकमेकांकडे ओढतं. पाणी घालतच राहिलं की मात्र कणांमधली सगळी जागा भरते. मग पाणी कणांना ओढत नाही, ढकलतं. कणांचं एकमेकांवरचं वजन हलकं होतं, घर्षण सुटतं आणि किल्ला बसतो. डोंगरउतारावरच्या मातीचं असंच असतं. जूनच्या सरी ती पिऊन घेते. जुलैच्या शेवटी तिच्यात जागाच उरत नाही, आणि नेमका तेव्हा पाऊस सगळ्यांत जोराचा असतो.

सह्याद्रीची घडणही याला हातभार लावते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि हा डोंगर झाला. टणक काळ्या कातळांच्या मध्ये जागोजागी भाजक्या विटेच्या रंगाचा मऊ, मातकट थर सापडतो. भेगांतून झिरपलेलं पाणी या थरावर अडतं आणि आडवं वाहू लागतं. त्यात आपण रस्त्यासाठी डोंगराचा पाय उभा कापलेला असतो. म्हणून दरड बहुतेकदा रस्त्याच्या कापावर येते.

२२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. म्हणजे एका दिवसात प्रत्येक चौरस मीटरवर दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपं रिती झाली. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला आणि वाहून गेला. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. घाटातल्या पावसाबद्दल लिहिताना ते गाव मला विसरता येत नाही. आमची हुकलेली दरी त्यापुढे काहीच नाही.

डोंगर सुटण्याआधी पुष्कळदा खुणा देतो. स्वच्छ ओहोळ अचानक गढूळ होतो किंवा आटतो. बारीक खडे टपटपू लागतात. झाडं, खांब कलतात, डांबराला नवी भेग पडते. यातलं काही दिसलं तर तिथे फोटोसाठी उतरू नये.

तीस किलोमीटरवर कोरडं

परत फिरलो आणि सकाळचाच खेळ उलट्या क्रमाने पाहिला. महाबळेश्वरात वायपर जोरात, पाचगणीत मंद, पसरणीच्या मध्यावर बंद.

महाबळेश्वरचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाच ते सहा हजार मिलिमीटरच्या घरात. एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याचा साधारण तिसरा हिस्सा. वाईत सातशे-आठशे. आणखी पूर्वेला, माण तालुक्यात दहिवडीकडे, तो ५०० च्या आसपास येतो. २०२१ च्या त्या एका दिवसात महाबळेश्वरात जेवढा पडला, तेवढा दहिवडीत वर्षभर पडत नाही.

डोंगराने सगळं पाणी पिळून घेतलं म्हणून पूर्वेला कोरडं, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. वाईवरून जाणाऱ्या हवेतही बाष्प बरंच उरलेलं असतं. जुलैत वाईत कपडे वाळत नाहीत. फरक असा की माथा ओलांडल्यावर हवा वर चढायची थांबते आणि उतरू लागते. उतरताना दाब वाढतो, हवा आकसते, तापते. पंपाने हवा भरताना पंप गरम लागतो, तसं. तापलेल्या हवेत ढगाचे थेंब परत वाफ होऊन विरतात. किटलीच्या वाफेचं ते पुढचं, नाहीसं होणारं टोक म्हणजे पाचगणी. पूर्वेच्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछाया म्हणतात.

त्यामुळे हवामानाचा अंदाज वाचताना आमची एक चूक झाली. आम्ही सातारा जिल्ह्याचा अंदाज पाहिला होता. महाबळेश्वर आणि दहिवडी दोन्ही त्याच जिल्ह्यात. एवढ्या टोकाच्या दोन पावसांना एक रंग कसा पुरेल? हवामान विभाग आता सातारा, पुणे, कोल्हापूर यांचे घाट वेगळे काढून इशारा देतो. घाटात जाणाऱ्याने ती ओळ शोधून वाचावी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घाटाचं नावच काढू नका. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार, अशी त्यांची मोजणी आहे.

आणि दरीच पाहायची असेल तर टपरीवाल्यांचा सल्ला पक्का आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून नैर्ऋत्येचा वारा हटू लागतो, पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, ओहोळ अजून वाहते असतात.

पसरणी घाटात आईने गाडी थांबवायला सांगितली. सकाळी थांबलो होतो तीच जागा, कठड्याला टेकून. ढग पाठीमागे पाचगणीच्या पठारापर्यंत येऊन विरत होता. खाली धोमचं पाणी पसरलेलं, धरणाच्या भिंतीकडे निळसर-करडं. पण कृष्णा जिथून धरणात शिरते त्या वरच्या टोकाला आता चहाच्या रंगाची एक लांब जीभ पाण्यात शिरली होती. सकाळी ती नव्हती. आईने चष्मा पुसला आणि बोट दाखवून विचारलं, "ते वरचंच का गं, आपण उभे होतो तिथलं?"

"त्याच डोंगराचं," मी म्हटलं. त्यातलं काही पाणी माथ्याच्या पलीकडे पडलं, ते सावित्री नदीबरोबर संध्याकाळी समुद्राच्या वाटेला लागलं असेल. अलीकडे पडलेलं कृष्णेबरोबर आंध्रापर्यंत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळेल. आई त्या तांबड्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली.